खिळ्यावरचे दोन बिल्ले

आमच्या चंद्रपूरच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली दोन खिळे होते. एकाला मी टांगलेली होते आणि दुसऱ्याला धूमकेतूकडे निघालेलं एक यान. हे वाचून कुणाला वाटेल, बाईचं डोकं सरकलं. सरकलेलं नाही. माझे बाबा कोळशाच्या खाणीत बत्तीघर सांभाळायचे, एवढं सांगितलं की निम्मं कळेल. उरलेलं सांगते, पण मध्ये टोकायचं नाही.

खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला डोक्याला लावायची बत्ती लागते आणि कमरेला तिची बॅटरी. ती मिळते बत्तीघराच्या खिडकीत. माणूस आपल्या नंबराचा पितळी बिल्ला खिडकीत देतो, बत्तीघरवाला तो फळ्यावरच्या त्याच नंबराच्या खिळ्याला लटकवतो आणि बत्ती हाती देतो. पाळी संपली, माणूस वर आला, बत्ती जमा केली, की त्याचा बिल्ला त्याला परत. म्हणजे फळ्यावर जितके बिल्ले लटकताहेत तितकी माणसं जमिनीच्या पोटात. फळा रिकामा झाल्याशिवाय बाबा खिडकी सोडत नसत. पुढच्या पाळीचा बत्तीवाला येऊन उभा राहिला तरी यांचा पाय निघायचा नाही. घरी उशिरा आले की माय विचारायची, आज काऊन वेळ झाला. बाबा म्हणायचे, एक राह्यला होता. तो एक बहुतेक वेळा केव्हाच वर येऊन नळावर पाय धूत बसलेला असायचा आणि बत्ती द्यायची विसरलेला असायचा. त्याला बाबांच्या तोंडून जे ऐकावं लागायचं ते मी लिहू शकत नाही, मी शिक्षिका आहे.

१९८५ साली मला नोकरी लागली. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीच्या पुढे, पक्का रस्ता संपतो त्याच्याही पुढे एक गाव, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचं. घरात आधी पेढे वाटले गेले आणि मग नकाशा बघितला गेला. मामा म्हणाला, अरे बाप्पा, तिथी तर अस्वलं अंगणात येतात. मायनं तोंडाला पदर लावला. मी चोवीस वर्षांची, बी. एस्सी., बी. एड., चंद्रपूरच्या बाहेर नागभीडच्या मावशीपलीकडे कुठे राहिलेली नाही. पण मी जाणार म्हणजे जाणार, असं मी इतक्या जोरात सांगितलं की शेजारच्यांनी रेडिओ बारीक केला.

बाबा दोन दिवस तो नकाशाच बघत बसले. तिसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवर जाऊन चौकशी करून आले. त्या गावाला चंद्रपूरहून एक मुक्कामी गाडी होती. दुपारी तीनला निघायची, साडेसहा-सातला गावात पोचायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपायचे आणि सकाळी साडेसहाला गाडी परत. बाबांनी ठरवून टाकलं. माय रोज दुपारी डबा देईल. डबा संध्याकाळी मला मिळेल, सकाळी धुतलेला डबा त्याच गाडीनं परत येईल आणि त्यात माझी चिठ्ठी असेल. रविवारी सुट्टी. मग त्यांनी ट्रंकेतून एक बिल्ला काढला. बत्तीघरात येण्याआधी बाबा स्वतः बारा वर्षं खाली उतरत होते, तेव्हाचा त्यांचा बिल्ला, नंबर दोनशे बारा, घासून घासून कडा गुळगुळीत झालेला. तो त्यांनी तसबिरीखालच्या खिळ्याला लटकवला आणि मला म्हणाले, "ज्या दिवशी डब्यात चिठ्ठी नाई, त्या दिवशी मी तुले घ्यायले निघालो समज. मंग नोकरी गेली चुलीत."

मी हो म्हटलं. तेव्हा मला कुणी रोज सूर्याला नमस्कार करत चालत जा म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

गाव मला आवडलं. आवडलं म्हणजे हट्टानं आवडलं, कारण पहिला महिनाभर रडू यायचं. शाळेत विज्ञानाचं एक कपाट होतं, त्याची किल्ली कुणाला माहीत नव्हती. कुलूप फोडलं तर आत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला सूक्ष्मदर्शक निघाला, नवा कोरा. कांद्याचं साल त्याच्याखाली ठेवून मी सातवीच्या मुलींना एकेक करून दाखवलं. मधल्या सुट्टीत पाणी भरायला घरी गेलेल्या मुली पूर्वी परत यायच्या नाहीत, त्या धावत परत यायला लागल्या. एक तर हंडा घेऊनच आली. अशा वेळी माणसाला वाटतं की आपण कामाचे आहोत, आणि ते एकदा वाटलं की मग कुठे दुसरीकडे जावंसं वाटत नाही.

माझी खोली एका गोंड शेतकऱ्याच्या घरात होती. घरची म्हातारी, साठीची काटक बाई, तिला अख्खं गाव आत्या म्हणायचं, म्हणून मीही. तिचा मुलगा आणि सून शेत बघायचे आणि आत्या मला बघायची. तिच्या घरी एक पद्धत होती. भांडं रिकामं परत जाऊ द्यायचं नाही. मी डबा धुऊन ठेवला की सकाळी त्यात काही ना काही पडायचंच. कधी दोन वांगी, कधी मूठभर चारोळी, कधी चार सीताफळं, झाकण न लागू देणारी. माझी चिठ्ठी खाली तळाशी असायची, "ठीक आहे. जेवले." एवढीच. रोज काय लिहिणार? एकदा चिडून नुसतं "आहे" लिहिलं होतं. तर दुसऱ्या दिवशी डब्याच्या झाकणात बाबांचा कागद आला, जेवली का नाई ते लिव्ह.

यानाचं प्रकरण दिवाळीच्या सुट्टीत सुरू झालं. शहात्तर वर्षांनी एकदा येणारा धूमकेतू त्या हिवाळ्यात येणार होता आणि पेपरात रोज त्याच्यावर काही ना काही येत होतं. मी बाबांना सांगितलं की नुसतं बघणार नाहीत, त्याच्या अंगावर जायला यानं निघालेली आहेत. त्यातलं एक युरोपातल्या देशांनी मिळून पाठवलंय, त्यात माणूस नाही, आणि ते माझ्या नोकरीच्या सुरुवातीला, जुलैतच, निघालंय. बाबा जेवायचे थांबले. माणूस नाही तर कोण चालवते? बत्ती किती घंट्याची? मी सांगितलं, अंगाला काचेच्या पट्ट्या आहेत, उन्हावर चालतं. खबर कशी देते? रेडिओनं, म्हटलं, एक तबकडी कायम पृथ्वीकडे तोंड करून असते आणि बाकी यान भोवऱ्यासारखं फिरत असतं. धूमकेतूची धूळ बंदुकीच्या गोळीपेक्षा जोरात लागते म्हणून पुढे दोन पत्रे लावलेत, मध्ये जागा सोडून, म्हणजे पहिल्यावर कण फुटेल आणि दुसऱ्यावर अडेल. हे बाबांना फार पटलं. त्यांनी लगेच मायला बोलावलं आणि दोन ताटल्या घेऊन तिला समजावून सांगितलं. माय म्हणाली, ताटल्या खाली ठेवा, उष्ट्या हाय.

सुट्टी संपवून मी निघाले तेव्हा तसबिरीखाली दुसरा खिळा ठोकलेला होता. त्याला बूटपॉलिशच्या डबीचं झाकण लटकत होतं, भोक पाडून सुतळीनं बांधलेलं. मी विचारायच्या आधीच बाबा म्हणाले, तुया यानाचं हाय, दोघं एकदमच उतरले ना खाली. मला फार हसू आलं आणि फार आवडलंही.

मग डब्यातून यानाची विचारपूस सुरू झाली. झाकणात कागद यायचा, यान कुठी पोचलं. मला तरी कुठे माहीत? चामोर्शीचा पेपर दोन दिवसांनी गावात यायचा. पण मी अंतराचा हिशेब करून उत्तर द्यायची, आणि त्या निमित्तानं माझ्या चिठ्ठ्या लांबत गेल्या. बाबांनी त्या बत्तीघरात वाचून दाखवायला सुरुवात केली. हे मला फार नंतर कळलं. खाली उतरणारे लोक बत्ती घेता घेता विचारायचे म्हणे, मास्तरीणबाईचं यान कसं हाय?

माती खाल्ली मी फेब्रुवारीत. शनिवार-रविवारला घरी आले होते. मामा आलेला. चंद्रपुरातच एका शाळेत जागा होणार आहे, ओळख आहे, कशाला पोरीला जंगलात ठेवता, असं त्यानं लावून धरलं होतं, आणि माय त्याला चहावर चहा देत होती. बाबा काही म्हणत नव्हते, म्हणून मला आणखी राग आला. तेवढ्यात त्यांनी झाकणाकडे बोट करून सहज विचारलं की मार्चमध्ये याचं काम झालं की हे वापस किती दिवसांत येईल. माझं डोकं आधीच तापलेलं.

"बाबा, ते वापस येणारच नाही," मी म्हटलं. "एकदा गेलं ते गेलं."

बाबांना आधी वाटलं मी थट्टा करतेय. खरं सांगायचं तर त्यांना कधी शंकाच आली नव्हती. तीस वर्षं ज्यानं खाली गेलेलं वर आलेलं मोजलं, त्याला परत न येण्यासाठी कुणाला पाठवतात हे कळणार कसं? बिल्ला लटकवतातच मुळी परत द्यायला. ते उठून झाकणासमोर जाऊन उभे राहिले. "मंग पाठवलं कायले त्याले?" एवढंच म्हणाले, आणि ते मला नव्हतं. (चार वर्षांनी ते यान सूर्याला फेऱ्या मारता मारता खरंच पृथ्वीच्या जवळून गेलं, तेव्हा बाबांनी कात्रण माझ्या नाकासमोर धरलं होतं आणि विज्ञान तू शिकवते ना, असं विचारलं होतं. पण ते पुढचं.)

त्या रविवारी स्टँडवर मला बसवून देताना ते म्हणाले की आता एक चिठ्ठी जरी चुकली तरी मी ऐकणार नाही, मामा म्हणतो ती जागा धरायची. आवाज चढवला नव्हता, म्हणून मला भीती वाटली. बाबा ओरडले की ते विसरायचे, हळू बोलले की करायचे.

मार्च लागला तशी शाळा ओस पडली. मोहाचे दिवस. मोहाची फुलं पहाटे गळायला लागतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरं खातात, अस्वलं खातात. गावातली झाडून सगळी बायकापोरं चार वाजता रानात. पोट्टे शाळेत यायचे ते दहा वाजता, पेंगत. मी वैतागले होते. गुरुवारी वर्गात फळ्यावर धूमकेतू काढला, सांगितलं की उद्या पहाटे साडेपाचच्या सुमाराला ते यान याच्या अगदी जवळून जाणार, आणि म्हटलं की आपल्याला तो दिसेलच असं नाही, दुर्बीण लागेल बहुतेक. एक मुलगी जांभई देत म्हणाली, बाई, तो तर आम्ही रोज पाहून राह्यलो.

मी घरी येऊन आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, शेपटीवाला ना? आठ-दहा दिवस झाले, मोठ्या मोहाच्या डोक्यावर असते. तुले माहीत नाई? तू तर त्याचंच शिकवते म्हणे. काय सांगू, जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. आठ महिने मी त्या धूमकेतूवर सातवीपासून दहावीपर्यंत सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं आणि तो माझ्या घरामागे उगवत असताना मी सहा वाजेपर्यंत घोरत पडत होते.

शुक्रवारी चार वाजता मी आत्याबरोबर निघाले. चिठ्ठी मुद्दाम लिहून ठेवली नाही. परत येऊन लिहायची होती, पाहिला म्हणून. सहापर्यंत येतोच, गाडी साडेसहाची. अकरा बायका आणि मी बारावी. रानाच्या तोंडाशी आत्यानं मला नियम सांगितला. प्रत्येकीचं झाड वेगळं, अंधारात कुणी कुणाला दिसत नाही. म्हणून आत्या मध्ये मध्ये हाक देते, "ओऽऽ" अशी, आणि मग एकेकीनं आपापल्या झाडाखालून ओ द्यायची. तेवढ्यानं अस्वलही बाजूला होतं. मी मान हलवली. अंधारात मान हलवलेली कुणाला दिसते?

मोठ्या मोहाखाली उभी राहिले आणि पूर्वेच्या बाजूला वर पाहिलं. आधी काही दिसलं नाही. मग दिसलं. धुरकट, वर शेपूट फिसकारलेली, पेपरातल्या चित्राइतकी ऐटबाज नाही. पण होता तो. आणि त्याच्या शेजारी, डोळ्याला न दिसणारं, बाबांच्या खिळ्यावरचं ते झाकण. आठ महिने चालत आलेलं, आता काही वेळात धुळीत शिरणारं, आणि परत न येणारं. मला एकदम रडायला आलं. का ते तेव्हा कळलं नाही. मी तोंड वर करून तशीच रडत उभी राहिले आणि आत्याच्या हाका माझ्या कानावरून गेल्या. एक गेली, दुसरी गेली.

मग रानातून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. मला वाटलं अस्वल. अस्वल नव्हतं, अकरा बायका होत्या, काठ्या घेऊन, कुणाच्या हातात कंदील, कुणाची टोपली वाटेत उलटलेली. मी धडधाकट आहे हे बघितल्यावर आत्यानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की धूमकेतू दोन दिसले. मग एकेकीनं मला झोडपलं, तोंडानं. आवाज काऊन देत नाई? मेली असती तर तुया बापाले काय सांगितलं असतं? जिची पोर सासरी गेली होती अशी एक बाई तर मला धरून रडलीच. मग सगळ्यांनी मला मध्ये बसवलं, पाणी पाजलं, आणि त्यांची सांडलेली फुलं वेचायला मी बसले, शिक्षा म्हणून. उजाडलं तरी वेचत होतो.

गावाच्या वेशीशी आलो तेव्हा गाडीचा धुरळा दिसला, गेलेल्या गाडीचा. मी धावत घरी गेले. आत्याची सून म्हणाली, बाई, डबा देला मी कंडक्टरले, रिकामा नाई धाडला, काल वेचलेले मोहाचे फुलं भरून देले. चिठ्ठी तर नव्हती कुठी. मी परत रस्त्यावर आले, तर धुरळाही बसला होता. गावात फोन नव्हता, आमच्या घरी तर नव्हताच.

चंद्रपुरात काय झालं ते मायनं मला पुढे कितीदा सांगितलंय. मार्चचं ऊन, एस.टी.ची गाडी आणि बंद डब्यात मोह. वाटेतल्या मूल गावापर्यंत अख्ख्या गाडीला वास सुटला. कंडक्टरनं स्टँडवर मायच्या हाती डबा लांब धरून दिला आणि म्हणाला, बाई, मास्तरीण शिकवते का भट्टी लावते? मायनं घरी येऊन फुलं सुपात ओतली आणि एकेक फूल चाचपून पाहिलं. चिठ्ठी नाही. बाबा पहिल्या पाळीला होते. तिकडे कॅन्टीनच्या रेडिओवर सकाळीच बातमी आलेली, की यान धूमकेतूजवळ पोचता पोचता त्याला धुळीचा मारा बसला आणि संपर्क तुटला. अडीच वाजता बाबा घरी आले ते आधीच तोंड पाडून. त्यांनी सूप पाहिलं. खिळ्यावरचा बिल्ला काढला, शर्टाच्या खिशात टाकला आणि तीनची गाडी धरली. बिल्ला कशाला, असं मायनं विचारलं तर म्हणाले, पोट्टी वर आली की तिच्या हाती द्यायले लागते. म्हणजे मला घेऊनच येणार होते.

इकडे संध्याकाळी मी चांगली पानभर चिठ्ठी लिहून गावच्या थांब्यावर उभी होते, कंडक्टरच्या हातापाया पडून सकाळच्या आधीच कुठून तरी पाठवता येते का बघायला. गाडीतून बाबा उतरले. खाणीतलेच कपडे. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, दोनदा पाहिलं. मग म्हणाले, सामान बांध, सकाळी निघू. मी तोंड उघडलं तर हात वर केला. संपलं, मी मनाशी म्हटलं. सूक्ष्मदर्शक पुन्हा धोतरात जाणार.

आत्यानं त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. बाबांनी रीतीनं विचारलं की पोरीचा तरास तर नाई झाला. आणि आत्या सुरूच झाली. भाऊ, तुमच्या पोरीले काही वळण लावलं का नाई? सकाळची सगळी कहाणी तिनं तावातावानं सांगितली, माझी एकही चूक न गाळता. मी खोलीत उभी राहून दात खात होते. म्हटलं, ही म्हातारी माझी उरलीसुरली नोकरीही आज बुडवणार. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी भलतेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. हाक किती वेळानं देता? ओ नाही आली तर किती हाकांनी निघता? बाया किती होत्या? सगळ्या आल्या?

"सगळ्याच आल्या ना," आत्या म्हणाली. "एक आवाज कमी पडला तर फुलं कोन वेचते, भाऊ?"

बाबा आत्याकडे सरकून बसले. मग त्यांनी आत्याला बत्तीघर समजावून सांगितलं, फळा, खिळे, बिल्ले, सगळं. खिशातला बिल्लाही दाखवला. आत्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, आमच्याकडे पितळ नाई, म्हणून आम्ही तोंडानं करतो. दोघांनाही एकमेकांचं काम बरोबर कळलं होतं. मला तिथे कुणी विचारत नव्हतं.

रात्रीच्या बातम्यांना मी ट्रान्झिस्टर ओट्यावर आणला. यानाचा संपर्क अर्ध्या तासात परत आला होता. धुळीच्या धक्क्यानं ते हेलपाटलं होतं, तबकडीचं तोंड फिरलं होतं, मग सावरलं आणि पुन्हा बोलायला लागलं. बाबांनी ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं. मग आत्याला म्हणाले, त्यानं पण आवाज देला नव्हता अर्धा घंटा. आत्या म्हणाली, पाहा, आजकालचे सगळे असेच.

सामान बांधायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही शहाणपणा केला, विचारलं नाही. शनिवारी त्यांनी कामावर खाडा केला, बत्तीघरातला त्यांचा पहिलाच असावा, आणि पहाटे चार वाजता आमच्याबरोबर रानात आले. आत्यानं त्यांना एक झाड दिलं. आत्याची हाक आली की एकेक करून दहा ओ जायच्या, अकरावी माझी, आणि मग शेवटी खाणीतला तो दणदणीत आवाज, "हाओ!" बायका हसून हसून फुलं सांडत होत्या. मी बाबांना मोठ्या मोहाखाली नेऊन धूमकेतू दाखवला. त्यांनी हात कपाळावर धरून पाहिला आणि यान कुठी हाय विचारलं. म्हटलं, त्याच्या पलीकडे गेलं आता. ते म्हणाले, बरं हाय, बोलून राह्यलं ना? म्हटलं, हो. मग ते माझ्याजवळ उभे राहिले आणि पुढची हाक आली तेव्हा त्यांनी आधी माझी ओ जाऊ दिली.

रविवारी सकाळी गाडी लागली. आत्यानं त्यांच्या पिशवीत चारोळी घातली. बाबा पायरीवर चढले, पुन्हा उतरले, शर्टाच्या खिशात हात घातला आणि बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला.

"वर आलेल्या मानसाचा बिल्ला त्याच्या हाती द्याचा असते," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, मी घरी कुठं आले? ते म्हणाले, "घरी कोन म्हनलं? वर म्हनलं." आणि चढले. रोज चिठ्ठी धाडू नको, उगा कागद वाया, असं खिडकीतून सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं, आणि वाटलंही, गाडी वळेपर्यंत. मग एवढं रिकामं वाटलं की सांगता सोय नाही. आठ महिने ज्या चिठ्ठीला मी शिव्या घातल्या तिच्याशिवाय उद्याचा डबा कसा जाणार?

सोमवारी संध्याकाळी डबा आला. वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा. झाकणात कागद होता. मला वाटलं मायचा काही निरोप असेल. अक्षर बाबांचं होतं, प्रत्येक ओळ खाली घसरलेली.

"ठीक हाये. जेवलो. आजपासून दुसरी पाळी."

एवढंच. मी ती ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. मग पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणला, भिंतीत खिळा ठोकला, माती पडली, पुन्हा ठोकला आणि दोनशे बारा नंबरचा बिल्ला त्याला लटकवला. आवाज ऐकून आत्या दारात आली. तिनं बिल्ल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की आता कोण गेलं खाली.

मी म्हटलं, "बाबा."